पडत्या नगराचे ऋण

परभणी जिल्ह्यातील चारठाणा आज एक खेडे आहे. तेथील यादवकालीन देवालये, कोरीव मानस्तंभ आणि दगडी बारव मात्र एका संपन्न नगराची साक्ष देतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पाव शतकात यादवसत्ता मावळली. वैभव असे ओसरते.

आज मराठवाड्यातील तरुण पोटासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांना दोष कसा द्यावा? परंतु गाव सोडल्याने गावाचे ऋण फिटते काय? येरुशलेमचा विनाश डोळ्यांपुढे दिसत असताना प्रभू येशू त्या नगरासाठी रडला. मात्र त्याने पाठ फिरवली नाही, तो त्याच नगरात शिरला. भरभराटीवर प्रेम कोणीही करील. पडत्या काळात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणे, हीच खरी प्रीती होय.