पुन्हा लढाई

बेल म्हटलं की मला महादेव आठवतो, नाहीतर मॅनेजरसाहेबांची घंटा. पण चिरंजीवांच्या इंग्रजी शब्दकोशात तिसराच बेल निघाला. लॅटिन 'बेलम', म्हणजे युद्ध. त्यातून 'बेलिजरंट' झाला, रीतसर लढणारा. आणि त्यातूनच 'रिबेल', म्हणजे हरल्यावर पुन्हा लढणारा. एकाच आईची लेकरं, पण थोरला सापडला तर युद्धकैदी, धाकटा सापडला तर फासावर! ही वाटणी कुणी केली? जिंकलेल्याने, दुसरं कोण.

माझी बदली धुळ्याला होती तेव्हा आग्रा रोडने सेंधव्याकडे जाणं व्हायचं. त्या घाटाची राखण एके काळी खाज्या नाईक करी, इंग्रजांच्याच पगारावर. १८५७ साली त्यानेच तिथे सरकारी खजिना लुटला, रक्कम सात लाख. (कारकुनाचं लक्ष आधी आकड्याकडे जातं, काय करणार!) साहेबांच्या लेखी तो बंडखोर. पुढच्या एप्रिलात आंबापाणीला लढाई झाली आणि पकडलेल्या कित्येक भिल्लांना घाईघाईने खटला उरकून गोळ्या घातल्या. नुसता शब्द बदलला असता तर वाचले असते हो! आमच्या बँकेत एका बाजूचं नावे दुसऱ्या बाजूला जमा असतं, पण संध्याकाळी दोन्ही जुळवल्याशिवाय घरी सोडत नाहीत.

"बाबा, पेपरात काय लिहू?"

"मार्क हवे असतील तर शब्दकोशातलं लिही."

"आणि खाज्या नाईक?"

तेवढ्यात सौ. ओरडली, "भरीत निवतंय!" आयुष्यात प्रथमच मी पहिल्या हाकेला उठलो.