उत्तरेची खिडकी

भाऊबीजेची ओवाळणी झाली, फराळाच्या बशा रिकाम्या झाल्या, की आमच्या घरी एक समारंभ ठरलेला असतो. सगळ्यांनी अंगणात उभे राहून फोटो काढून घ्यायचा. पूर्वी त्यासाठी मामांना वाईहून बोलवावे लागे. हल्ली घरातल्या प्रत्येकाच्या हातात फोन आहे; त्यामुळे काढणारे सात आणि उभे राहणारे चार अशी अवस्था होते. गेल्या भाऊबीजेला माझ्या भाचीने असाच फोटो काढला आणि फोन माझ्यापुढे धरला. पाहतो तो काय, मी पंधरा वर्षांनी तरुण झालेलो! गालावरचा कांजिण्यांचा व्रण गेलेला, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या आणि रंग तर असा की, शाळेतल्या पोरांनी मला ओळखलेच नसते.

"मी काही केलं नाही हं," भाची म्हणाली, "फोन आपोआपच करतो."

शेजारी तिची आई, म्हणजे माझी ताई, उभी होती. तिने फोन हातात घेतला, त्यातल्या आपल्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि काही न बोलता परत दिला. तिच्या त्या न बोलण्यामागे तीस वर्षांपूर्वीची एक हकिकत आहे. ती लिहावी की नाही, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. शेवटी तिलाच विचारले. "लिही," ती म्हणाली, "पण वाचणाऱ्याला माझी कीव येईल असं लिहू नकोस."

आमच्या मामांचा वाईला फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एका जुन्या वाड्याची पुढची खोली, एक पडदा, एक स्टूल, आणि उत्तरेच्या भिंतीला एक भलीमोठी खिडकी. त्या खिडकीसाठीच मामांनी ती खोली घेतली होती. आपल्याकडे मे ते जुलै एवढे दिवस सोडले, तर उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसे आत येत नाही. येतो तो नुसता आभाळाचा उजेड, मऊ आणि दिवसभर एकसारखा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे हरकाम्या म्हणून असे. मॅट्रिक होऊन (दहावीला मामा शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत) पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो, त्याचे बीज त्या खोलीत पडले असावे.

मामांपुढे नाना तऱ्हेची गिऱ्हाइके येत. पासपोर्ट फोटोवाले, अंगठा तोंडात घालून बसलेली तान्ही बाळे, नवरानवरी, शेतसाऱ्याच्या कज्जासाठी बांधाचा फोटो हवा असणारे शेतकरी. आणि कधीकधी पहाटे दारावर थाप पडे. गावात कुणीतरी गेलेले असे आणि घरच्यांच्या ध्यानात आलेले असे की, म्हाताऱ्याचा एकही फोटो नाही! जन्मभरात एकदाच निघणारा फोटो आणि तोही डोळे मिटल्यावरचा. मामा अशा घरी गेले की आधी दिवा मालवायला सांगत, दार उघडायला लावत, आणि उजेड येईपर्यंत ओट्यावर बसून राहत. फ्लॅश त्यांनी अशा वेळी कधी वापरला नाही. एकदा मी कारण विचारले. "झोपलेल्याच्या डोळ्यावर कुणी बॅटरी मारतं का रे?" ते म्हणाले.

अशा या माणसाच्या हातून, आणि तेही निव्वळ मायेपोटी, ती गोष्ट घडली.

१९९५ साल. ताईसाठी स्थळे पाहणे चालू होते. ताई सावळीही नव्हे, चांगली काळी आहे. आईच्या माहेरचा रंग तो. स्थळांना पाठवायचा फोटो अर्थातच मामा काढणार. याशिका कॅमेऱ्यावर त्यांनी बारा फोटो काढले, त्यातला एक निवडला, आणि रात्री लाल दिव्याच्या खोलीत जाण्याआधी निगेटिव्ह काचेवर ठेवून त्यावर बारीक टोकाची शिसपेन्सिल फिरवायला सुरुवात केली. मी शेजारी उभा होतो. निगेटिव्हवर जिथे काळे होते, तिथे कागदावर पांढरे उमटते. म्हणजे माणसाला गोरे करायचे तर त्याच्या चेहऱ्यावर काळे फासायचे! मला तेव्हा त्याची फार गंमत वाटली होती. तासाभराने कागद पाण्यातून वर आला, तेव्हा त्यावर एक नाजूक, उजळ मुलगी होती. नाकडोळे ताईचे होते.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मावशीने पिशवीतून फोटो काढला, ताईकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले आणि तो उपडा करून सतरंजीवर ठेवला. बस्स, एवढेच. पुढच्या आठवड्यात कार्ड आले, की योग दिसत नाही. घरात कुणी कुणाशी बोलेना. मामा वाईहून आले आणि नुसते बसून राहिले. तेव्हा ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, त्यांना सांगा, फोटोतली मुलगी घेऊन जा. ती तुमच्याकडेच आहे."

त्यानंतर ताईने कुणालाही फोटो काढू दिला नाही.

मामांनी केले ते पाप होते का? हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. आई म्हणे, त्यात काय एवढे! मुलाकडच्यांनी पगार वाढवून सांगितला नसेल कशावरून? बाजारात सगळेच ताजव्याला बोट लावतात. मुलीच्या मामाने तेवढे लावले तर बिघडले कुठे? आणि खरोखरच, आईच्या बोलण्यात संसारी माणसाचे सारे शहाणपण होते. लेकीचे भले व्हावे म्हणून बोललेले खोटे आपल्या समाजाने कधी फारसे मोजलेलेच नाही. पण ज्यांना फसवले ते पाहुणे विसरून गेले. घाव बसला तो जिच्यासाठी फसवले तिच्यावर. 'तू आहेस तशी चालणार नाहीस' हे तिला परक्या मावशीने सांगण्याआधी तिच्या मामाने पेन्सिलीने लिहून ठेवले होते. माया करणाऱ्याने ते लिहावे, यात तिचे सारे दुःख होते असे मला वाटते.

मग जे आहे ते जसेच्या तसे दाखवावे, हे खरे? इथे माझाच एक अपराध आठवतो. पहिल्या कादंबरीत मी आमच्या आळीतला एक माणूस घेतला होता. नाव बदलले, पण चेहरा तोच. त्याचे दारू पिणे, बायकोवर ओरडणे, उधाऱ्या, सगळे रोखठोक लिहिले. वास्तव म्हणून समीक्षकांनी पाठ थोपटली. एके दिवशी तो माणूस घरी आला. भांडायला नव्हे. "मास्तर, हे सगळं खरं आहे," तो म्हणाला, "पण मी नुसता एवढाच आहे का?" मला उत्तर देता आले नाही. भर दुपारी बाराच्या उन्हात फोटो काढला, तर डोळ्यांच्या जागी काळी भोके येतात, नाकाची सावली मिशीसारखी ओठावर पडते. त्या फोटोत खोटे असे काहीच नसते. तरी तो माणूस तसा नसतो. मामांनी पेन्सिल फिरवली होती, मी दुपार गाठली होती.

मामांजवळ एक उजेड मोजायचे यंत्र होते, काट्याचे. ते मीटर आता माझ्याकडे आहे. त्याची एक खोड मामांनी मला घाटावर नेऊन दाखवली. कृष्णेच्या पायऱ्यांवर एक पांढरी गाय उभी होती आणि पाण्यात एक म्हैस. मीटर गाईवर धरले, काटा सांगेल तसा फोटो काढला. मग म्हशीवर धरले आणि काटा सांगेल तसा काढला. दोन्ही फोटो छापून पाहतो तर गाय राखाडी आणि म्हैसही राखाडी! यंत्राला गाय कळत नाही, म्हैस कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे, असे ते धरूनच चालते. पांढऱ्याला पांढरे ठेवायचे तर काट्यापेक्षा उजेड जास्त द्यावा लागतो आणि काळ्याचे काळेपण राखायचे तर कमी. नवशिक्याला हे उलटे वाटते.

मी शाळेत परत आलो की हे यंत्र मला फार छळते. चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहायला बसलो म्हणजे माझ्याही मनातला काटा मधोमध जाऊन उभा राहतो. एका वर्षी मी एका मुलीला आणि एका मुलाला एकच शेरा दिला, 'मध्यम'. मुलगी फार पुढची होती, तिचे मला कौतुक वाटेनासे झाले होते. मुलगा वर्षभरात एक अक्षर बोलला नव्हता आणि त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर मातीच्या घराचे, एकाच घराचे, तीस-चाळीस नमुने होते. वही मी उलटी उघडली ती शेरा लिहून झाल्यावर.

आणि हा दोष एकट्यादुकट्याचा नव्हे. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म जगभर गेली, तेव्हा फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचे चित्र नमुना म्हणून दिले जाई. त्याला 'शर्ली कार्ड' असे नाव पडले होते. तिची कांती बरोबर आली म्हणजे फोटो बरोबर! साहजिकच काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे त्या रंगीत फोटोत बुजून जात, गोऱ्या मित्राशेजारी उभा राहिलेला काळा मुलगा म्हणजे नुसते डोळे आणि दात. पुढे फिल्म सुधारली. १९९० नंतरच्या काळात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डेही निघाली. पण तोवर कितीतरी माणसांनी आपलाच चेहरा फोटोसाठी चांगला नाही, अशी समजूत करून घेतली असेल. मोजपट्टी चुकलेली आहे, हे मोजल्या जाणाऱ्याच्या डोक्यात सहसा येत नाही.

१९४६ साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला आल्या. मोठ्या नावाजलेल्या बाई; कारखाने, रणांगणे, सगळे पाहून आलेल्या. त्यांना सांगण्यात आले की, आधी चरख्यावर सूत कातायला शिका. त्या शिकल्या. त्यातून तो गांधीजींच्या मौनाचा दिवस, आणि त्यांना प्रखर दिव्याचा त्रास होत असल्याने फ्लॅशचे तीनच दिवे वापरायला मिळाले. पहिले दोन वाया गेले, तिसरा लागला. चरख्यामागे बसून वाचत असलेले गांधीजी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. मामांच्या स्टुडिओत भिंतीवर तो फोटो एका मासिकातून कापून लावलेला होता. पूर्वी मी त्यात फक्त गांधीजींना पाही. आता मला त्या बाई दिसतात, खाली बसून तुटलेला धागा पुन्हा जोडणाऱ्या. समोरच्या माणसाला त्यांनी हलवले नाही, त्याच्या रंगाला, कपड्याला, मौनाला हात लावला नाही. हलल्या त्या स्वतः.

मामांनाही हे उमगायला दोन वर्षे गेली. १९९७ च्या दिवाळीला ते धनत्रयोदशीला आले ते भाऊबीजेपर्यंत राहिले. कॅमेरा पिशवीत होता. पण त्यांनी तो काढला नाही, नि ताईनेही विचारले नाही. तोवर ताईने शिवणाचे क्लास सुरू केले होते, तिच्या हाताखाली सहा मुली शिकत होत्या. भाऊबीजेच्या दुपारी ती माजघरात बसून समयांची काजळी पुसत होती. आमच्याही माजघराला उत्तरेची खिडकी आहे. तिच्यातून उजेड तिच्या एका गालावर आला होता. मामा बराच वेळ बघत होते. मग खाली जमिनीवर बसत म्हणाले, "काढू का?"

ताईने समई खाली ठेवली. "पेन्सिल आणली नाही ना?"

"नाही."

"मग काढा."

मामांनी मीटर तिच्या चेहऱ्याजवळ नेले आणि मला हळूच म्हणाले, "काटा म्हणतोय, हिला उजळ कर. ऐकायचं नाही त्याचं." उजेड एका घराने कमी करून त्यांनी एकच फोटो काढला. त्यात ताई काळी आहे. तिच्या कपाळावरच्या केसांची बट वेगळी दिसते, बोटांना लागलेली काजळी वेगळी दिसते, आणि चेहऱ्याचा काळा रंग या दोहोंहून वेगळा, त्याचा स्वतःचा, दिसतो. हा फोटो कुठल्याही स्थळाला गेला नाही. तिचे लग्न पुढच्या वर्षी झाले, पण त्याचा फोटोशी संबंध नाही; भावजी क्लासच्या मशिनी दुरुस्त करायला येत असत.

मामांचा स्टुडिओ पुढे बंद झाला आणि आता मामाही नाहीत.

गेल्या भाऊबीजेला मी जे सुरुवातीला सांगितले, त्यानंतरचे थोडे राहिले. संध्याकाळी भाची आईजवळ येऊन बसली. लग्नाच्या संकेतस्थळावर तिचे नाव घालायचे होते, त्यासाठी फोटो हवा होता. रंगाने ती आईवर गेली आहे. सकाळच्याच फोटोतला आपला चेहरा तिने मोठा करून दाखवला. "हा चालेल ना ग?" तिने विचारले. ताई मघासारखीच गप्प होती. मला वाटले, ती आता काहीतरी सांगेल, निदान रागावेल तरी. ती तशी काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिने मला माजघरातून हाक मारली. खिडकीपुढे आम्ही कधीकाळी एक लोखंडी कपाट आणून ठेवले होते. पदर खोचून ती त्याच्या एका बाजूला उभी होती. "ते टोक धर," ती म्हणाली, "आणि पोरीला हाक मार. उजेड जायच्या आत हे सरकवायचंय."