आजोळचा गोडवा आणि त्याचे मोल

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या खेड्यापाड्यांच्या फाट्यांवर एक दृश्य नेहमी दृष्टीस पडते. एसटीची गाडी थांबते, पिशव्या व गाठोडी खाली येतात, पाठोपाठ झोपेने पेंगुळलेली लेकरे उतरतात, आणि फाट्यावरच्या लिंबाखाली उन्हातान्हात वाट पाहत बसलेली आजी लगबगीने उठून पुढे येते. हे पाहून कोणाचे मन द्रवत नाही? आमचेही द्रवते. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी घडलेल्या एका लहानशा गोष्टीमुळे ह्या गोडव्याविषयी आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला आहे, आणि तो आज आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो. तो प्रश्न असा: ज्या सुखाचे मोल बालपणी आपणांस ठाऊकच नव्हते, त्याचे ऋण आपणांवर असते काय? आणि असल्यास ते कोणी व कसे फेडावे?

आमचे आजोळ बालाघाटाच्या डोंगराकडील एका लहान गावी होते. जमीन थोडी व मुरमाड. पाऊस पडला तर बाजरी व तूर, नाही तर काहीच नाही. तथापि आमच्या आठवणीत त्या घरात उणे असे काही नव्हतेच. पहाटे चुलीचा धूर, गरम भाकरीवर तेल व तिखट, रात्री अंगणात पसरलेल्या गोधड्या, आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे आजीची काळी शेळी व तिची करडे. त्या उस्मानाबादी जातीच्या शेळीला बहुधा जुळी होत. हिवाळ्यात व्यायलेली करडे आम्ही जाऊ त्या वेळी तीन-चार महिन्यांची, उड्या मारण्याच्या वयाची असत. आम्ही त्यांना नावे ठेवीत असू व रात्री उशाशी घेऊन निजण्याचा हट्ट करीत असू. पुढील वर्षी गेलो की पहिली चौकशी गेल्या वर्षीच्या करडाची. आजी हसून म्हणे, "ते गेलं त्याच्या मामाच्या गावाला. तू नाही का आलास तुझ्या मामाच्या गावाला?" हे उत्तर आम्हांस पूर्णपणे पटे, आणि आम्ही नव्या करडाच्या मागे धावू.

आजी वारल्यानंतर कित्येक वर्षांनी आईच्या बोलण्यातून खरी हकीकत आम्हांस कळली. आम्ही येण्याच्या आधीच्या आठवडेबाजारी ते वाढलेले करडू विकले जाई. त्या पैशांतून साखर, गोडे तेल, शेवेचा पुडा, आणि निघताना आम्हा भावंडांच्या अंगावर घालावयाचे नवे कपडे येत. अर्थात ज्या करडाला आम्ही शोधीत होतो, तेच आमच्या हातातील पुड्यात व अंगावरील सदऱ्यात होते. आजीपाशी विकण्याजोगे वर्षाकाठी तेवढेच काय ते होते. आणि तिच्या लुगड्याला चार ठिगळे असत, हेही आम्हांस तेव्हाच आठवले.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. आमची आई गावीच राहते व तीही शेळ्या पाळते. आमचा सात वर्षांचा मुलगा घरात शिरताच विचारू लागला, "आजी, माझं करडू कुठंय?" आई म्हणाली, "मामाच्या गावाला गेलं." ते शब्द ऐकताच आमच्या पोटात कालवले. त्याच सायंकाळी आम्ही मुलाला जवळ घेऊन, खरे बोलावे ह्या बुद्धीने, सर्व सांगून टाकले. मूल रडले. रात्री ताटात गोड वाढले तेव्हा त्याने ताट सारले व म्हणाले, "मला नको, हे माझ्या करडाचं आहे." आई काही वेळ गप्प राहिली. मग आमच्याकडे वळून ती म्हणाली, "लेकराला कशाला सांगितलंस रे? तुझ्या वेळेला तुला कुणी सांगितलं होतं का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या रात्री देता आले नाही. आई चुकली होती की आम्ही? सत्य सांगणे हा दोष कसा असू शकेल? पुष्कळ दिवस विचार केल्यावर आम्हांस जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम ऋणाचा विचार करू. सावकाराचे कर्ज घेणारा ते जाणूनबुजून घेतो, अंगठा उठवितो, व म्हणून फेडण्यास बांधला जातो. लहान मुलाने असे काहीच केलेले नसते. त्याने मागितले नाही, त्याला ठाऊकही नव्हते. तेव्हा आजीचा नातवावर हक्क आहे असे म्हणता येत नाही. आणि तिने तसा हक्क कधी सांगितलाही नाही. येथवर पाहता ऋण नाही असेच म्हणावे लागेल. परंतु मूल मोठे होते. मुलाचे अज्ञान निष्पाप असते. चाळिशीच्या माणसाचे अज्ञान मात्र पुष्कळदा सोयीचे असते. आई म्हणते, "मला काही नको," आणि आपण ते खरे मानतो, कारण खरे मानणे स्वस्त पडते. ज्याला विचारता आले असते व ज्याने विचारले नाही, त्याच्यावर ऋण चढू लागते असे आम्हांस वाटते.

दुसरे असे की, देणाऱ्याला आपले दान झाकण्याचा अधिकार आहे. आजीचे ते 'मामाचे गाव' खोटे होते खरे. पण त्यात फसवून काही घेण्याचा हेतू नव्हता. नातवाने निश्चिंतपणे खावे, प्रत्येक घासाला किंमत मोजू नये, एवढीच तिची इच्छा होती. ह्यावरून आम्हांस असे दिसते की, झाकणे हा देणाऱ्याचा अधिकार, आणि शोधून काढणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य होय. मात्र घेणाऱ्या मोठ्या माणसाचे, लेकराचे नव्हे. आमची चूक येथेच झाली. गेल्या वर्षभरात आईला गोडधोडासाठी चार पैसे पाठविणे आमच्या हाती होते. ते आम्ही केले नाही. आणि आमच्या वाट्याचे ओझे सात वर्षांच्या पोराच्या माथी ठेवून त्याला सत्य हे नाव दिले.

तर मग मुलांस सत्य सांगूच नये काय? सांगावे, पण वय पाहून, आणि आपला वाटा उचलून झाल्यावर. शिवाय सर्वांच्याच आठवणी गोड नसतात. कित्येकांच्या बालपणी घरात दारू होती, मार होता. अशांस आम्ही बळेच गोड चित्र रंगविण्यास सांगत नाही. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरच्या माणसांचे किती हाल होत, हे त्या माउलीने लपविले नाही. तरी तिच्या लिहिण्यात सूडाचा लवलेश नाही, उलट वाचणाऱ्याला हसू येते. मान राखण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही, हे त्या पुस्तकावरून शिकावे.

आणि आपल्या भागातील आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. कित्येक लेकरांना आजीचे घर म्हणजे सुटीचे ठिकाण नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या भागाकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शाळा बुडू नये म्हणून मुलांस आजीपाशी ठेवून जातात. काही गावी हंगामी वसतिगृहाची सोय होते. पण रात्री तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसते ती म्हातारीच. ह्या मुलांच्या पुढील आठवणीत आजीच्या घराचा गोडवा राहील. पण त्याचे मोल आज, आपल्या डोळ्यांदेखत, सत्तरीची एक बाई मोजीत आहे. प्रेषित पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव आवर्जून घेतले. आपण आपल्या मंडळीतील अशा आजींची नावे तरी जाणतो काय?

कायद्यानेही ह्या कर्तव्याची दखल घेतली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाविषयीचा कायदा 2007 साली झाला. त्यात निर्वाह मागण्याचा हक्क आजी-आजोबांसही आहे, आणि 'मुले' ह्या शब्दात सज्ञान नातू व नातही धरली आहेत. एसटीने 2022 साली पंचाहत्तरीपुढील वृद्धांचा प्रवास मोफत केला व 2023 साली स्त्रियांस अर्धे तिकीट लागू केले; तेव्हा गाडीभाड्याची सबब पूर्वीइतकी उरली नाही. परंतु न्यायाधिकरण पैसे देववील, प्रेमाने विचारपूस देववू शकणार नाही. आणि भेटीस जाऊनही मुले मोबाइलमध्ये व मोठी माणसे गप्पांत गुंतली, तर म्हातारीला चूल तेवढी अधिक फुंकावी लागते, दुसरे काय?

म्हणून आमची विनंती साधी आहे. आजीकडे जावे, मुलांस अवश्य न्यावे. पण जाण्याआधी त्या घरी धान्य, तेल, साखर काय आहे ह्याची चौकशी करून आपला भार आपण न्यावा. "मला काही नको" हे उत्तर एकदा ऐकून थांबू नये. डब्यांची झाकणे उघडून पाहावीत. जे सेवक गावोगाव फिरतात, त्यांनी ऊसतोडीच्या हंगामात नातवंडे सांभाळणाऱ्या वृद्धांच्या घरी आधी जावे, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये.

ह्या वर्षी आम्ही चैत्रातच आईला पैसे पाठविले व करडू विकू नये असे कळविले. तिने पैसे ठेवून घेतले, आणि करडू विकलेच! त्या पैशांतून तिने शेजारच्या घरी, ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या दोन मुलींना कपडे घेतले, असे मागाहून कळले. मुलाने विचारले तेव्हा आम्ही आईकडे पाहिले. ती म्हणाली, "मामाच्या गावाला गेलं." ह्या खेपेस आम्ही गप्प राहिलो, आणि त्या मुलींचे आईबाप परत येईपर्यंत त्यांच्या घरी काय काय लागेल, हे विचारण्यासाठी शेजारी गेलो.