पाय काढला, पण पेडल वर आलं का?



गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो आणि भगवंत दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास आपल्या पिढीला लगेच पटतो. वैराग्य म्हटलं की मात्र अडतं. म्हणजे काय, कशाचंच काही वाटून घ्यायचं नाही?

मला याचं थोडं उत्तर काकांच्या जुन्या मारुती जिप्सीखाली, खरं तर स्टीअरिंगखाली उलटं पडून मिळालं. क्लच पेडलची स्प्रिंग बदलायची होती. जिप्सी १९८५ साली आलेली गाडी, क्लच साधा केबलचा. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पात्यांवर दाब देतं आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटतं. पाय काढला की आतली मोठी डायफ्रॅम स्प्रिंग बहुतेक सगळं परत ढकलते. पेडलच्या छोट्या स्प्रिंगकडे काम उरतं ते शेवटच्या जराशा अंतराचं. पेडल पूर्ण वर न्यायचं आणि तिथेच धरून ठेवायचं.

ती सैल पडली तरी गाडी चालते. घोळ इथेच आहे! पेडल किंचित लोंबतं, बेअरिंग फिरत्या पात्यांना हलकंसं टेकून राहतं आणि कुणी काही दाबत नसताना झिजत जातं.

आपलंही असंच होतं ना? प्रोजेक्ट दुसऱ्या टीमला हँडओव्हर केला, तरी रात्री साडेअकराला त्याचं चॅनेल उघडून बघतो. भावाला माफ केलं म्हणतो, पण दिवाळीला तो दारात दिसला की हिशोब पुन्हा सुरू. वैराग्य म्हणजे पेडल कमी दाबणं नव्हे. दाबायचं तेव्हा तळापर्यंतच दाबायचं. प्रश्न नंतरचा आहे.

काका म्हणाले, "जरा कडक स्प्रिंग टाक की." नाही टाकली. कडक स्प्रिंगने प्रत्येक वेळी पाय दुखेल, आणि केबल कोरडी असेल तर ती तशीच अडकेल. आधी केबल तपासली, पिव्हटला ग्रीस लावलं, मग मापाचीच स्प्रिंग बसवली. एकदम सगळं सोडून देण्याचे कडक संकल्प करणाऱ्यांनी (आपल्यात बरेच आहेत) याचा विचार करावा.

शिवाय स्प्रिंग बसली म्हणून काम संपत नाही. क्लच प्लेट झिजते तसा पेडलचा फ्री प्ले कमी होत जातो, म्हणून तो अधूनमधून पट्टीने मोजावा लागतो. अभ्यास तो हाच असावा.

आणि हाफ क्लच? घाटात चढावर थांबलेली गाडी त्याशिवाय सुटत नाही. घरात कुणी आजारी असेल, तर चार दिवस मन तिथे अर्धवट अडकलेलं राहणारच. त्याला मी तरी आसक्ती म्हणणार नाही.