अलंकार आणि अहिंसाधर्म



एका निरूपणानंतर एका वासनिक माउलीने विचारले, “कन्येचा विवाह ठरला आहे. नथ मोत्यांचीच हवी, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. आपण मांसाला शिवत नाही. मग मोती कसा चालतो?” जवळ बसलेले एक गृहस्थ म्हणाले, “मोती समुद्रात पिकतो, त्यात हिंसा कसली?” या दोन वचनांचा विचार करू.

पूर्वी बसऱ्याच्या मोत्यांसाठी इराणच्या आखातात पाणबुडे शिंपले काढीत. बहुतेक शिंपले रिकामेच निघत, पण उघडलेला जीव मात्र मरे. १८९३ मध्ये जपानात मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करवून दाखविला. आज बाजारातील बहुतेक मोती अशा लागवडीचेच असतात. गोल मोत्यासाठी एका शिंपल्याचा जीव घेऊन त्याच्या अंगातील पातळ पडद्याचा तुकडा कापतात. तो तुकडा व शिंपेचाच घडविलेला मणी, दुसऱ्या जिवंत शिंपल्याचे अंग चिरून आत बसवितात. काही शिंपले त्या घावानेच मरतात. उरलेले मोती काढताना बहुधा मारले जातात. शिंपला ओरडत नाही. परंतु स्पर्श होताच तो आपली कवाडे मिटून घेतो. जीव राखण्याची धडपड याहून वेगळी काय असते?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची सशाची लीळा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूतळी शिरला. शरण आलेला जीव स्वामींनी त्यांच्या स्वाधीन केला नाही, आणि पारध्यांचीही बुद्धी पालटली. सज्जनहो, सशाला पाय होते, म्हणून तो शरण येऊ शकला. शिंपल्याला धावता येत नाही, आश्रय मागता येत नाही. सराफाच्या पेढीवर आपण जो प्रश्न विचारू, तोच त्याचा आश्रय. हिंसा करणे, करविणे आणि तीस अनुमोदन देणे, असे तिचे तीन प्रकार. मोती घेणारा सुरी हाती धरीत नाही, पण मूल्य तोच देतो.

असाच प्रश्न इतर अलंकारांविषयीही विचारावा. पोकळ सोन्याच्या मण्यांत भरलेली लाख हा सूक्ष्म किड्यांचा स्राव. तो खरवडताना असंख्य किडे मरतात. पोवळे हा समुद्रातील जीवांचाच सांगाडा. वाघनख व हस्तिदंत यांचा व्यापार तर कायद्यानेही निषिद्ध आहे. काचेचे मोती घ्यावेत, पण त्यांवरील झळाळी माशांच्या खवल्यांची नाही ना, एवढे विचारावे. पटवेकऱ्याकडून दागिना रेशमाऐवजी सुती दोऱ्यात ओवून घ्यावा. निव्वळ सोन्याचांदीची व काचमण्यांची नथही वधूच्या मुखास शोभते.

त्या माउलीस आम्ही सांगितले, “नवीन मोती विकत घेऊ नका. परंतु सासूबाईंनी आपली जुनी नथ प्रेमाने सुनेच्या हाती ठेविली, तर ती झिडकारून त्यांचे मन दुखवू नका. त्या शिंपल्याचा प्राण आता परत येणार नाही. मात्र ‘अशीच नथ कोठे मिळेल?’ असे कोणी विचारले, तर मुलीने ही सारी हकीकत सांगावी.” माउलीने मान डोलाविली, पण घरी हे बोलणे किती कठीण जाईल, तेही तिच्या मुद्रेवर दिसत होते. धर्म बहुधा अशाच ठिकाणी कसोटीस लागतो.

साधनवंतांनी हा उपदेश केवळ गृहस्थांसाठी आहे, असे समजू नये. आपल्या अंगावर अलंकार नाहीत हे खरे. पण पोथी गुंडाळण्याचा रुमाल रेशमी आहे काय? त्यासाठी कोशातील किडे जिवंतपणी उकळले जातात. प्रस्तुत लेखकाच्याही पोथीस असाच रुमाल होता. त्या दिवसापासून तेथे खादी आली. याचा अभिमान वाटू लागला, तर तोही एक अलंकारच. तो आधी उतरवावा.

दंडवत प्रणाम.