वेगळेपणाची वंशावळ

अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यातल्या गावांत एके काळी तेल्यांचे दोन प्रकार असत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. सोमवार महादेवाचा, हे सगळ्यांना ठाऊक. शनिवारचं कारण मात्र गावाने खोदून विचारलं असं दिसत नाही. हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, तिथून आपली सुरुवात झाली असं ते परंपरेने सांगतात.

चारचौघांहून वेगळं कसं जगावं, हा प्रश्न मनात आला की मला हा समाज आठवतो. वेगळेपणाची कल्पना शतकानुशतकं कशी पालटत गेली, ते इथे स्पष्ट दिसतं.

आरंभी त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता, सिनेगॉग हे प्रार्थनास्थळही नव्हतं. होत्या त्या मोजक्या गोष्टी: शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवलं नसलेला मासा वर्ज्य आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. बाकी सारं गावाचंच. भाषा मराठी, नेसणं नऊवारी, लग्नात मेंदी, आडनावं किहीमकर, रोहेकर, दिवेकर. विधवेचं लग्न न करण्याची रीतही त्यांनी शेजाऱ्यांकडून उचलली. सणांची नावं तर ऐकत राहावीत अशी. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाला घराचं दार लावून बसायचं, म्हणून तो दरफाळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी बिरडं खायचं. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, नारळ आणि फळं घालून मलिदा करायचा. वेगळं राहायला सगळंच वेगळं करावं लागत नाही, हे या लोकांनी कसलाही सिद्धान्त न मांडता जगून दाखवलं. चार ठिकाणी ते हटले नाहीत आणि उरलेल्या आयुष्यात गावात मिसळून राहिले. मला यात फार मोठं बळ दिसतं.

पण गावाने त्यांना जागा दिली ती कशामुळे, हेही पाहिलं पाहिजे. प्रत्येक जातीचा आचार निराळा असतो, हे जातिव्यवस्थेने आधीच मानलेलं होतं. त्यात आणखी एका जातीचा आचार सहज बसला. ही मुभा समूहाला होती, एकट्या माणसाला नव्हती. शिवाय तिची किंमत होती. जातीची उतरंड या समाजाच्या आतही उतरली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट पडले. ज्यांच्या वंशात स्थानिक स्त्री आली असं मानलं गेलं, ते काळे. गोऱ्यांचा त्यांच्याशी रोटीव्यवहार नव्हता आणि बेटीव्यवहारही नव्हता. शनिवार दोघेही पाळत. म्हणजे इथे वेगळेपण आचारावरून घसरून रक्तावर आलं होतं.

मुंबईत या कल्पनेला आणखी एक वळण मिळालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये शहरातलं पहिलं सिनेगॉग उभारलं. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. आपण करतो ते का करतो, याचं लिखित कारण आता हाती आलं. त्यामुळे मराठीपण पुसलं गेलं, असं मात्र झालं नाही. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूसोबत मराठी आहे. पुढच्या दशकात अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं मराठी कीर्तनांतून रंगू लागली. एरवी ग्रंथ आला की जुना आचार लाजिरवाणा ठरतो. इथे तसं फारसं झालं नाही, याचं श्रेय मी त्या पिढीला देते.

मग 1948 मध्ये इस्रायल हे ज्यूंचं राष्ट्र स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक समाज इस्रायलला गेला. जिथे बहुतेक सगळे ज्यू, तिथे तरी आता वेगळं पडायचं कारण नव्हतं. पण 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने निर्देश काढले: बेने इस्राएलांपैकी कोणी इतर ज्यूंशी लग्न करणार असेल, तर आधी त्याच्या आईकडच्या पूर्वजांची चौकशी करावी. शनिवार पाळता का, हा प्रश्नच नव्हता. तुमची आजी कोण, तिची आई कोण, हे विचारलं जात होतं. समाज रस्त्यावर उतरला, उपोषणं झाली आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं स्पष्टपणे सांगितलं.

हा लढा न्याय्य होता, यात मला तिळमात्र शंका नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हा धर्म पाळत आलो, रक्ताची तपासणी कसली करता, हे म्हणणं बिनतोड आहे. कोकणातल्या काळे इस्राएलांनाही ते अगदी याच शब्दांत मांडता आलं असतं.