दिलेला कोट

ठाकुर्लीच्या बारा बंगला वस्तीत रेल्वेच्या साहेबलोकांसाठी बांधलेली जुनी घरे आणि त्यांच्यावर छत्र धरून उभे असलेले जुने वृक्ष यांच्यामधून जो रस्ता जातो, त्याच्या कडेच्या एका दगडावर मावशी रोज संध्याकाळी, चार घरची धुणीभांडी उरकून परतताना, घटकाभर टेकतात. माझीही फिरण्याची वेळ तीच. त्यामुळे आमच्यात एक अलिखित कबुलायत होऊन गेली आहे, की त्यांनी गुडघ्यांची तक्रार सांगावी आणि मी त्या दिवशी जे वाचले असेल ते सांगावे. परवा मी त्यांना एलेन बर्डची हकीकत सांगितली.

विलायतेत धनिक स्त्रियांपाशी एक खाजगी दासी असे; बाईसाहेबांचे केस विंचरावे, वस्त्रांची निगा राखावी, प्रवासात पेट्या सांभाळाव्या, हे तिचे काम. एलेन ही नॉरफोक परगण्यातील तरुणी, आणि न्यूयॉर्कच्या मेसीज या विख्यात दुकानाचे एक मालक इसिडोर स्ट्रॉस यांच्या पत्नी आयडाबाई यांनी युरोपातून स्वदेशी परतण्यापूर्वी तिला नुकतेच चाकरीस ठेवले होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. वृद्ध स्ट्रॉस यांना त्यांच्या वयाकडे पाहून जीवरक्षक नौकेत जागा देऊ केली असता, अन्य पुरुषांच्या आधी मी जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. पतीस सोडून जाण्यास आयडाबाई नाकबूल झाल्या. एलेनला मात्र त्यांनी आठ क्रमांकाच्या नौकेत बसविले आणि आपल्याला आता याचा उपयोग नाही, असे म्हणून अंगावरचा फरचा कोट तिला देऊन टाकला. दोन वाजून वीस मिनिटांनी जहाज बुडाले. मालकीण गेली, दासी वाचली.

“मग यात तुम्हाला सलतंय काय, दादा?” मावशींनी विचारले.

“हेच, की आयडाबाईंनी जागा नाकारली म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांचे आणि त्यांच्या पतीचे स्मारक १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले. मग जिने जागा घेतली, तिच्या वाट्याला काय आले? तिने नाकारायला हवे होते का?”

“किती दिवसांची नोकर होती ती?”

“थोड्याच दिवसांची.”

“मग त्या घरचं मीठ तरी किती खाल्लं होतं तिनं, की त्यापायी मरावं?”

“समजा, वीस वर्षे खाल्ले असते.”

मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. रुळांवरून एक जलद गाडी डोंबिवलीच्या दिशेने धडधडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत त्या थांबल्या. “वीस वर्षांची असती तर बाई म्हणाली बस, की ती बसलीच असती. इतक्या वर्षांत दुसरी सवय राहतच नाही. नाही म्हणायचं, हे आपल्याला बाईनं कधी शिकवलेलं नसतं.”

हे उत्तर ऐकून माझ्या मनातील प्रश्नाची मांडणीच चुकली असल्याचे माझ्या ध्यानात आले. नौकेत बसा, हा हुकूम आयडाबाईंनाही झालाच होता. परंतु तो मोडण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी आयुष्यभराच्या सत्तेने आलेले होते, म्हणून त्यांच्या नकारास आपण निष्ठा म्हणतो. आणि जिला हुकूम ऐकण्याचेच वेतन मिळत असे, तिच्या होकाराकडे मात्र, तिने कोणती निवड केली, अशा दृष्टीने पाहू लागतो. ज्याला नकाराचा अधिकारच नाही, त्याच्या होकाराला आपण गुण म्हणावे की दोष?

“त्यांच्याबरोबर गडी नव्हता का कोणी?” मावशींनी मध्येच विचारले.

होता. जॉन फार्दिंग हा स्ट्रॉस यांचा खासगी सेवक त्याच रात्री बुडाला आणि त्याचा देह कधी सापडला नाही.

“त्याला विचारलं का कोणी, तू थांबतोस का म्हणून?”

मी निरुत्तर झालो. मालक थांबला तर तो त्याग, आणि चाकर थांबला तर ती केवळ नोंद. या भेदाकडे इतकी वर्षे टायटॅनिकविषयी वाचूनही माझे लक्ष गेले नव्हते, याची मला मनापासून लाज वाटली.

टायटॅनिकच्या बुडण्याच्या चौकशीच्या दप्तरात आणखी एक हिशेब आहे, तोही मी मावशींना सांगितला. पहिल्या वर्गाच्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गाच्या १६५ पैकी केवळ ७६. एलेन दासी असूनही मालकिणीमुळे वरच्या वर्गात होती; तळमजल्यावरच्या, कोणाच्याही चाकरीत नसलेल्या स्वतंत्र गरीब स्त्रिया निम्म्याहून अधिक बुडाल्या.

“म्हणजे चाकरीनं तिला वाचवलं.”

“पण चाकरी वाऱ्यावरही सोडते, मावशी. आपल्या मुंबई बंदरातून गोऱ्या साहेबांची मुले सांभाळायला आया बोटीने विलायतेस जात. तेथे पोहोचल्यावर काम संपले, की काहींना परतीच्या तिकिटाविना तसेच टाकून देत. अशा बायकांसाठी लंडनमध्ये हॅकनी भागात एक आश्रयगृह चालवावे लागले, यावरून कल्पना करा.”

“त्यांना कोट नाही मिळाला,” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी आपण होऊन ‘रामदास’चे नाव काढले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मावशींच्या आजीच्या तोंडी ती गोष्ट असे. तेथे कोणी कोणास जागा देऊ केली नाही, कारण द्यायला वेळच नव्हता; जे वाचले ते पोहून, नाहीतर कोळ्यांच्या होड्यांनी. “तिथं सगळे सारखेच भिजले,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एलेनकडे वळल्या. “त्या कोटाचं काय केलं तिनं?”

“पुढे स्ट्रॉस यांच्या थोरल्या मुलीकडे नेऊन परत देऊ केला. मुलीने घेतला नाही. आईने तो तुला दिला होता, तेव्हा तो तुझाच, असे तिचे म्हणणे पडले.”

मला वाटले होते, मावशी मुलीची प्रशंसा करतील. पण त्यांचा चेहरा एलेनसाठी उजळला. “शहाणी पोर. मरणाऱ्या माणसानं दिलेल्या वस्तूला साक्षीदार नसतो, दादा. आज बाई देते. उद्या तिचे लोक म्हणतात, उचलली. म्हणून तिनं दारात नेऊन ठेवली. नको म्हणाल्या, तेव्हा ती तिची झाली. नौकेत तिला दुसऱ्यानं बसवलं, पण हे तिचं तिनं केलं.”

बक्षीसपत्र, दस्तऐवज, मालकी यांविषयी वकिलांनी लिहिलेले पुष्कळ मी वाचले आहे. परंतु दिलेली वस्तू स्वीकारण्यासाठीही स्वतंत्र माणूस असावे लागते, हे इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते.

अंधार पडू लागला होता. उठताना मावशींनी गुडघ्यावर हात टेकला आणि जरा थांबून म्हणाल्या, की फार पूर्वी एका घरच्या आजारी आजींचे त्या रात्रंदिवस करीत होत्या, तेव्हा एका पहाटे आजींनी आपली काश्मिरी शाल त्यांच्या अंगावर घातली होती. खोलीत तिसरे कोणी नव्हते. चार दिवसांनी आजी गेल्या. मावशींनी ती शाल परत नेऊन दाखविली नाही, कारण दाखविली तर प्रश्न निघाले असते. आणि वापरलीही नाही.

“अजून आहे,” त्या म्हणाल्या. “दर थंडीत काढते, ऊन दाखवते, आणि परत घडी घालून पेटीत ठेवते.”